सहाशे चाळीस किलो फक्त

क्रेनच्या कचेरीतल्या बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "वस्तूचं वजन किती?" आणि मापसाहेबांना एकदम बरं वाटलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत लोकांनी त्यांना साखर किती, रक्तदाब किती आणि गुडघे काय म्हणतात एवढंच विचारलं होतं. वजन कुणी विचारलं नव्हतं.

"अंदाजे सांगितलं तरी चालेल," बाई पुढे म्हणाल्या, आणि तिथेच बिनसलं.

मापसाहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू उलटे करून पाहिले, वजनांच्या बुडाशी असलेल्या शिशावर सरकारी शिक्के मारले, आणि लिटरच्या मापाला पोचा आहे म्हणून भर गर्दीच्या वेळी दूधवाल्याचं शटर खाली ओढायला लावलं. 'अंदाजे' या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. पाहुण्यांनी "चहा थोडासाच द्या" म्हटलं, तर ते "थोडासा म्हणजे किती?" असं विचारत, आणि आतून बायकोचा आवाज येई, "अहो, राहू द्या." खात्याच्या लिलावातून आणलेला एक जुना तराजू त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा होता. आल्यागेल्याला त्याचं कौतुक करावं लागे.

"अंदाज नको. परवा आकडा कळवतो," असं सांगून त्यांनी फोन ठेवला, टेप घेतली आणि आक्काच्या घरी गेले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय वर्षं शहात्तर. आई गेली तेव्हा मापसाहेब पाच वर्षांचे होते. नुकतंच लग्न झालेल्या आक्काने सासरी जाताना त्यांना बोटाला धरून बरोबर नेलं, आणि तिथेच लहानाचं मोठं केलं. भावोजींचं खाली धान्याचं दुकान होतं आणि वर तिसऱ्या मजल्यावर घर. आता भावोजी नव्हते, दुकानही विकलं गेलं होतं, आणि तीन जिने आक्काच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. मापसाहेब आणि त्यांची बायको दोन वर्षं तिच्या मागे लागले होते, की आमचं घर तळमजल्यावर आहे, तुझी खोली तयार आहे, ये. आक्का दोन वर्षं "बघू" म्हणत होती. शेवटी एकदाची तयार झाली, पण अट घालून. तिजोरी आली तर ती येणार होती. तिजोरी राहिली तर तीही राहणार होती.

ही तिजोरी इमारत बांधत असतानाच तिसऱ्या मजल्यावर चढवलेली होती, आणि नंतर तिच्याभोवती भिंती आल्या होत्या. ती जिन्यातून जाणं शक्यच नव्हतं. जायला वाट एकच, मागची गॅलरी.

"भंगारात देऊ, आक्का. मी तुला चांगलं कपाट घेतो."

"कपाट घेऊन काय करू? मला तिजोरी पाहिजे."

"एवढं आहे तरी काय आत?"

"आत काय असणार? रिकामीच समज," आक्का म्हणाली आणि गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली तिने पदराआड सरकवली.

मापसाहेबांनी रिकामी समजली. तेहतीस वर्षांत कुठल्याही दुकानदाराचं 'समजा' त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं, पण हा दुकानदार नव्हता, आक्का होती. त्यांनी तिजोरीची लांबी, रुंदी, उंची घेतली, पत्र्याची जाडी पाहिली, दुहेरी भिंतीत वाळू कुठवर भरली आहे ते बोटाच्या पेराने ठोकून ऐकलं, आणि दोन दिवस बसून आकडेमोड केली. बायकोने दोनदा जेवायला हाक मारून तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. उत्तर आलं सहाशे चाळीस. मापसाहेबांनी ते कागदावर शाईने लिहिलं, 'सहाशे चाळीस किलो फक्त', आणि खाली सही केली. 'फक्त' लिहिल्यावर पुढे कुणाला काही वाढवता येत नाही.

क्रेनचा सुपरवायझर जागा बघायला आला. शांत माणूस होता. मागच्या गल्लीत क्रेन शिरत नाही, समोरच्या रस्त्यावर उभी करावी लागेल आणि इमारतीच्या डोक्यावरून हात मागे घालावा लागेल, असं सांगून तो म्हणाला, "पंचवीस टनी आणू."

"पंचवीस टन? अहो, सहाशे चाळीस किलो आहे."

"बरोबर. एवढ्या लांबून पंचवीस टनी क्रेन अकराशे किलो उचलते. त्यातले दोनशे दहा आमच्या हुकचे आणि पट्ट्यांचे गेले."

मापसाहेबांच्या डोळ्यांत संशय उतरला. पंचवीस टनांची पाटी लावायची आणि अकराशे किलो द्यायचे, यापेक्षा कमी गुन्ह्यात त्यांनी लोकांवर खटले भरले होते. सुपरवायझरने पाण्याने भरलेली बादली मागवली. ती मापसाहेबांच्या हातात दिली, आधी अंगाशी धरायला सांगितली आणि मग हात लांब करायला सांगितलं. लांब केलेल्या हाताने मापसाहेब सहा सेकंद टिकले. गुन्हा मागे घेण्यात आला.

चहा घेताना त्यांनी सुपरवायझरला आपली गोष्ट सांगितली. ही गोष्ट ते प्रत्येकालाच सांगत. नोकरी लागली तेव्हा पहिली नेमणूक याच पेठेत झाली. पहिली तपासणी कुणाची करावी? लोक म्हणणार, घरच्या माणसाला सोडून देतो. म्हणून मापसाहेबांनी पहिल्याच दिवशी थेट खालच्या दुकानात, सख्ख्या भावोजींच्या दुकानात, पाऊल टाकलं. सगळी वजनं तपासली. "एक ग्रॅम फरक सापडला नाही. एक ग्रॅम. असा माणूस होता तो." हे वाक्य म्हणताना ते अजूनही एक बोट उभं करत. आक्का कपबशा उचलत होती.

त्यानंतर परवानगी. रस्ता चार तास अडवायचा तर नगरपालिकेचा कागद लागतो. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, "तिजोरी स्थावर की जंगम?"

"हलवायची आहे म्हणजे जंगमच."

"मग इतकी वर्षं हलवली का नाही?"

कारकुनाने पुढे वस्तूच्या वजनाबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मागितला. मापसाहेब ताठ उभे राहिले आणि म्हणाले की या गावात त्या विषयातला सक्षम अधिकारी मीच होतो.

"होतात," कारकून म्हणाला.

त्या एका शब्दाने मापसाहेबांचा पुढचा आठवडा खराब गेला. शेवटी कारकुनाच्या साहेबांनी मार्ग काढला. अर्जदाराने वजनाची हमी स्वतःच्या सहीने द्यावी, आणि वजन खोटं निघाल्यास परवानगी आपोआप रद्द समजावी. मापसाहेबांनी हमीपत्रावर सही अशी ठोकली, की खालच्या तीन कागदांवर तिचा ठसा उमटला. परवानगी मिळाली, बुधवार, सकाळी नऊ ते दुपारी एक.

तिजोरी गॅलरीत आणायची तर गॅलरीला खालून टेकू हवा. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा टेकू दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जातो, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि पहिल्याचा जमिनीवर येतो. त्यामुळे एका तिजोरीत तीन बिऱ्हाडांचा जीव अडकला आणि सगळ्यांना मतं फुटली. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. त्यांच्या मते क्रेनची गरजच नव्हती. आधी तिजोरी चारही बाजूंनी हलवून सैल करायची, मग ती आपसूक येते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कशी येते याच्याशी कर्तव्य नव्हतं, त्यांना आत काय आहे ते हवं होतं. "रिकाम्या तिजोरीची किल्ली कुणी गळ्यात घालतं का?" त्या डॉक्टरांना म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी हे प्रत्येक रुग्णाला सांगितलं. तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेला माणूस ऐकण्याखेरीज काय करणार? बुधवारपर्यंत तिजोरीत सोनं असल्याचं अर्ध्या गावाला माहीत झालं होतं.

बुधवारी क्रेन वेळेवर आली. आधी तिने चारी बाजूंना पाय पसरले, पायांखाली लाकडी फळ्या घेतल्या, मग हात एकातून एक बाहेर काढत इमारतीच्या वर नेला. समोरच्या दुकानांतली माणसं खुर्च्या घेऊन बाहेर बसली. वर सुपरवायझरची चार माणसं पहारी आणि पाइप घेऊन तिजोरीला भिडली होती. पाइपांवरून ती गॅलरीत न्यायला पाऊण तास लागला. त्यांच्यातला सगळ्यात थोराड गडी घाम पुसत म्हणाला, "साहेब, ही सहाशेची वाटत नाही."

"सहाशेची नाहीच. सहाशे चाळीसची आहे," मापसाहेब म्हणाले.

"त्याहून जास्त वाटते."

"तुमची पाठ हे प्रमाणित वजन नव्हे," मापसाहेबांनी त्याला समजावलं आणि ते खाली येऊन क्रेनच्या केबिनच्या दाराशी उभे राहिले. केबिनमध्ये एक लहानसा पडदा होता. हुकला किती भार आला ते त्यावर टनांत, दोन दशांशांपर्यंत दिसे. मापसाहेबांनी तिथून हलायला साफ नकार दिला. हुकचे आणि पट्ट्यांचे दोनशे दहा धरून पडद्यावर ०.८५ यायला हवं होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी वरून वॉकीटॉकीवर आवाज आला, "घे, हळू."

पडद्यावरचा आकडा चढू लागला. ०.४०. ०.६०. ०.८०. ०.८५.

"उचलली?" ऑपरेटरने विचारलं.

"अजून नाही. बसलीये," वरून उत्तर आलं.

०.९२. ०.९९. कुठेतरी घंटी वाजू लागली. १.१० वर क्रेन थांबली, घंटीचा भोंगा झाला, आणि पडद्यावर लाल दिवा लागला. तिजोरी बोटभरही उठली नव्हती.

ऑपरेटरने भार सोडला. सगळा रस्ता मापसाहेबांकडे बघत होता. मापसाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि विचारलं, "या काट्याची तपासणी शेवटची कधी झाली?"

"हा काटा नाहीये, साहेब. हा क्रेनचा भाग आहे."

"जो आकडा दाखवतो तो काटा. प्रमाणपत्र दाखवा."

सुपरवायझरने फाइल आणून दिली. मापसाहेबांनी प्रमाणपत्र उजेडात धरलं, तारीख पाहिली, सही पाहिली, अनुक्रमांक केबिनवरच्या पाटीशी ताडून पाहिला. दोन महिन्यांपूर्वीची तपासणी होती आणि सगळं जिथल्या तिथे होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कागदात खोट निघावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि नेमकी तेव्हाच ती निघाली नाही.

"साहेब, दोनच गोष्टी शक्य आहेत," सुपरवायझर म्हणाला. "एक तर तुमचा आकडा चुकला, नाही तर आत काहीतरी आहे. मोठी क्रेन हवी तर पुन्हा परवानगी लागेल. एक वाजता मला रस्ता मोकळा करायचाय."

"मी म्हणत नव्हते?" दुसऱ्या मजल्यावरून वहिनी म्हणाल्या.

मापसाहेब तीन जिने चढून वर गेले. प्रत्येक मजल्यावर त्यांना एक विचार आला. पहिल्यावर वाटलं, वाळूची घनता चुकली. दुसऱ्यावर वाटलं, हमीपत्र खोटं ठरलं, आता नगरपालिकेत त्या कारकुनासमोर उभं राहावं लागणार. तिसऱ्यावर धाप लागली आणि मग एकच विचार उरला. आज तिजोरी निघाली नाही तर आक्का येत नाही. तिने तसं सांगितलं होतं, आणि आक्काने सांगितलेलं बदलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

आक्का पलंगावर बसली होती. तिने भोंगा ऐकला होता.

"या सगळ्यांना बाहेर पाठव, धाकट्या," ती म्हणाली. चार गड्यांसमोर बासष्टाव्या वर्षी धाकट्या झाल्याचं मापसाहेबांना लागलं, पण त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. आक्काने गळ्यातून किल्ली काढली, गॅलरीत जाऊन कुलुपात घातली आणि दोन्ही हातांनी फिरवली. दार जड आवाज करत उघडलं.

आत वजनं होती. दुकानात असतात ती साधी लोखंडी वजनं, खालपासून वरपर्यंत रचून ठेवलेली. वीस किलोची, दहाची, पाचाची, दोनाची. मापसाहेबांनी सवयीने एक पाच किलोचं उचललं आणि उलटं केलं. बुडाशी जिथे शिसं असायला हवं तिथे हलकी लाख भरून वरून काळा रंग दिला होता. दुसरं उचललं, तेही तसंच. तिसरं त्यांनी उचललं नाही.

"कुणाची?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं.

"यांचीच. आपलं दुकान होतंच, शिवाय अख्ख्या गल्लीला हेच पुरवायचे," आक्का म्हणाली. "तू ट्रेनिंगला गेला होतास. पत्र आलं की नेमणूक इथेच मिळतेय, पंधरा-वीस दिवसांत येतो. मी म्हटलं, झालं. आता हा आला की एक तर स्वतःच्या भावोजींना पकडणार, नाही तर बघून न बघितल्यासारखं करणार. पकडलंस तर माझं घर जात होतं. सोडलंस तर तू जात होतास."

"मग?"

"मग काय? गोळा केली. आपली केली, गल्लीतली केली. पिशवीत खाली वजनं, वर बटाटे. रोज दोन खेपा. सतरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि यांना सांगितलं, पाहिजे असेल तर गळा कापून घ्या. शिवणयंत्र विकून नवी वजनं आणली. चार महिने बोलले नाहीत माझ्याशी. पुढे बोलायला लागले. सवय झाली त्यांना खऱ्या वजनांची."

मापसाहेब तिजोरीच्या कडेवर टेकले. पंचवीस टनांची क्रेन जे उचलेना, ते आक्काने बटाट्यांखाली घालून तीन जिने वर आणलं होतं. हे त्यांना सुचलं. बोलले ते दुसरंच. "मी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली, आक्का. एक ग्रॅम फरक नाही म्हणून. माझ्या निरोपसमारंभात सांगितली."

"मी होते की पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवल्या."

"निदान मी निवृत्त झाल्यावर तरी सांगायचंस."

"सांगणारच होते. पण तू भाजीवालीचा तराजू उलटा करून बघत होतास. म्हटलं, हा अजून निवृत्त झालेला नाही."

खालून ऑपरेटरने हॉर्न दिला. साडेदहा वाजून गेले होते. आक्काने दार पुन्हा लोटलं. "राहू दे आता," ती म्हणाली. "खाली नेली की लोक विचारणार. मेलेल्या माणसाचं नाव रस्त्यावर नको, आणि तुझंही नको. तिजोरी इथंच राहील. मीही राहते. गुडघ्यांचं काय, मी खाली उतरतच नाही."

मापसाहेबांना राग आला होता. भावोजींचा आला होता, आक्काचा आला होता, आणि पाच वर्षांच्या पोराला बोटाला धरून आणणाऱ्या बाईवर आपण रागावतोय याचा सगळ्यात जास्त आला होता. मग ते उठले, सदरा नीट केला आणि गॅलरीच्या कठड्याशी गेले. खाली मागच्या अंगणात सुपरवायझर उभा होता, बाजूला डॉक्टर, आणि मधल्या मजल्यावरून वहिनी मान वर करून वाकल्या होत्या. तपासणीच्या वेळी दुकानात काढायचे तो आवाज मापसाहेबांनी काढला.

"आत खोटी वजनं आहेत," ते म्हणाले. "सदतीस वर्षांपूर्वी या बाजारातून जप्त केलेली."

"कुणी जप्त केली? तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी नाही. आक्कांनी. माझ्या सबंध नोकरीत एका ठिकाणी एवढी मोठी जप्ती मला जमली नाही."

वहिनींना सोन्याची आशा सोडायला थोडा वेळ लागला, पण मग त्या म्हणाल्या, "एकट्या आक्कांनी?"

"एकट्यांनी. माल मोजून खाली न्यायचा आहे. जिन्याने. हातावर हात द्या, म्हणजे लवकर होईल."

कुणाची वजनं असं कुणी विचारलं नाही. ज्यांना आठवत होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बापांची दुकानं त्याच गल्लीत होती. तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत जिन्यात माणसं उभी राहिली. वर ते चार गडी, मग वहिनी, मग डॉक्टर आणि त्यांचे दोन रुग्ण, त्यातल्या एकाच्या तोंडात कापूस होता. दारात मापसाहेबांची बायको. वजनं हातोहात उतरू लागली. मापसाहेब वरच्या दारात वही घेऊन पुकारत होते. वीस किलोची नऊ, दहाची सतरा, पाचाची अठ्ठावीस, दोनाची अकरा. छापाप्रमाणे पाचशे बारा किलो. 'छापाप्रमाणे' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. रस्त्यावर पंचवीस टनांची क्रेन हात वर करून हे सगळं बघत उभी होती.

शेवटचं वजन गेलं तेव्हा बारा वाजत आले होते. आक्काने गॅलरीत जाऊन तिजोरी स्वतः कुलूपबंद केली. मग पलंगाखालून चपला ओढल्या आणि पायात घातल्या.

"कुठे निघालीस?" मापसाहेबांनी विचारलं.

"तुझ्याकडे. तिजोरी निघाली ना?"

तिला खाली रस्त्यावर आणून डॉक्टरांच्या दवाखान्यातून आणवलेल्या खुर्चीत बसवलं. मापसाहेब पुन्हा केबिनच्या दाराशी गेले. वरून आवाज आला, "घे, हळू." आकडा चढला. ०.४०. ०.७०. ०.८० ला वरून ओरडा आला, "हलली," आणि मग तिजोरी इमारतीच्या डोक्यावर आली, दोन पट्ट्यांत, उन्हात, सगळ्या गावाच्या वर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मापसाहेबांनी वर पाहिलंच नाही. ते पडदा बघत होते. पडद्यावर ०.८६ होतं.

"दहा किलो जास्त," ते म्हणाले.

"साहेब, दहा किलो म्हणजे काहीच नाही," ऑपरेटर म्हणाला. "पट्टे ओले असले तरी तेवढा फरक पडतो."

"पट्टे कोरडे आहेत." मापसाहेब वळले. "आक्का, दहा किलो जास्त भरतायत."

"भरू देत," आक्का म्हणाली. "घरी गेल्यावर बघ."

एक वाजायला सात मिनिटं कमी असताना तिजोरी ट्रकवरून घरी रवाना झाली आणि रस्ता मोकळा झाला. जप्त माल खात्यात जमा करायला मापसाहेब दुसऱ्या ट्रकबरोबर स्वतः गेले. तिथल्या नव्या निरीक्षकाला सदतीस वर्षं उशिरा आलेल्या जप्तीचा फॉर्म कुठला ते माहीत नव्हतं. तो मापसाहेबांना माहीत होता.

ते घरी परतले तेव्हा आक्का आपल्या खोलीत स्थिरावली होती आणि बायको तिला नळ कुठला कसा सोडायचा ते दाखवत होती. तिजोरीचं दार उघडं होतं. खालच्या कप्प्यात, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं दहा किलोचं एक वजन होतं. मापसाहेबांनी ते उलटं केलं. या वजनाला शिसं होतं, आणि शिशावर शिक्का होता. वर्ष होतं, आणि त्यांचा स्वतःचा निरीक्षक क्रमांक.

"तुझा पहिला शिक्का," आक्का म्हणाली. "मी दुकानाच्या मागच्या दारातून बघत होते. हातोडी धरलेला तुझा हात थरथरत होता. दुकान विकलं तेव्हा बाकी सगळं दिलं, हे ठेवलं. बघ, बरोबर आहे ना अजून."

मापसाहेबांनी ते हॉलमध्ये नेलं आणि टीव्हीशेजारच्या तराजूच्या एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्यात आपली प्रमाणित वजनं ठेवली. आक्काच्या वजनाचं पारडं वर गेलं. त्यांनी एक लहान वजन काढलं, दुसरं ठेवलं, आणि वाकून काटा पाहिला. चाळीस ग्रॅम कमी होते. झिजलं म्हणावं तर कडा शाबूत होत्या, आणि गंज कुठेच नव्हता. शिसंही कुणी उकरलेलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासूनच चाळीस ग्रॅम कमी होतं, आणि थरथरत्या हाताने त्यांनी त्यावर शिक्का मारला होता.

आक्का भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. "काय म्हणतंय?" तिने विचारलं.

मापसाहेबांनी पारड्यातून वजन उचललं आणि टॉवेलने पुसलं.

"बरोबर आहे, आक्का," ते म्हणाले. "एक ग्रॅम फरक नाही."